हृदयासाठी गोळी की डाळिंब?

गेल्या हिवाळ्यात दात घासताना माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. मी रक्त पातळ करणारी कुमादिन घेते, म्हणून घाबरून कुपात खोलीममध्ये गेले. आयएनआर वाढला होता. डॉक्टरांनी विचारले, "आणखी काय घेता?" मी म्हटले, "काही नाही. फक्त व्हिटॅमिन ई, हृदयासाठी. गव्हाच्या अंकुरातले आहे, औषध थोडेच!"

तेच नडले होते. कुमादिनबरोबर व्हिटॅमिन ई जास्त घेतले की रक्तस्रावाचा धोका वाढतो. गिंकोच्या गोळ्यांबाबतही डॉक्टर असेच सावध करतात.

बरे, हृदयाला फायदा तरी? 2000 साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत साडेनऊ हजारांवर लोक होते. निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षे रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई दिले. झटके कमी झाले नाहीत.

डाळिंबाचे काय, असे तुम्ही विचाराल. हैफाचे प्राध्यापक मायकेल अविराम यांच्या 2004 च्या अभ्यासात डाळिंबाच्या रसाने मानेच्या रक्तवाहिनीतील थर कमी झालेला दिसला. पण रस पिणारे रुग्ण अवघे 10! रोश हशानाला किंवा मलिद्याच्या ताटात डाळिंब असेल तर आनंदाने खावे. मधुमेह्यांनी रसापेक्षा दाणे बरे. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांनी मात्र ग्रेपफ्रूटबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

तीन आठवड्यांनी माझा आयएनआर जागेवर आला. व्हिटॅमिनची बाटली डॉक्टरांना दाखवायला नेली होती, ती तिथल्याच टोपलीत टाकून आले.