व्हिडिओ फुकट, टोल चालू!

मैत्रिणीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ तुमच्या लॅपटॉपवर का उघडत नाही? चूक तुमची नाही आणि तिचीही नाही. सगळा लोच्या आहे पेटंटचा!

सोमवार, लंच टाइम. शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण साखरपुड्याचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन आलीय. डबे अर्धवट टाकून चार डोकी लॅपटॉपभोवती जमतात. डबल क्लिक! सनईचा आवाज येतो, पण स्क्रीन मात्र ठार काळा. वर सूचना झळकते : हा व्हिडिओ बघायचा असेल तर एक 'कोडेक' विकत घ्या.

"म्हणजे आपलाच साखरपुडा बघायला आपणच पैसे मोजायचे?" मैत्रिणीचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी मात्र थोडं मागे जावं लागेल.

आधी थोडा हिशेब

फुल एचडी व्हिडिओचं एक चित्र म्हणजे २० लाखांहून जास्त ठिपके. सेकंदाला अशी २५ चित्रं. काहीही न दाबता ती जशीच्या तशी साठवली, तर एका सेकंदाला सुमारे १५५ एमबी लागतील. म्हणजे ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर जेमतेम अर्धा मिनिट!

मग अख्खा सिनेमा मोबाइलवर मावतो कसा? फंडा सोपा आहे. क्रिकेट मॅचमध्ये हिरवळ, खेळपट्टी आणि स्टँड बराच वेळ तसेच असतात. हलतो तो बॉल आणि खेळाडू. मग सगळं चित्र पुन्हा पुन्हा कशाला पाठवायचं? काय बदललं आणि कुठे सरकलं, एवढंच सांगायचं. ही दाबादाबी म्हणजेच व्हिडिओ कॉम्प्रेशन. पण यातली प्रत्येक युक्ती कुणीतरी शोधलेली आहे, आणि त्या युक्त्यांवर जगभरातल्या कंपन्या आणि विद्यापीठांची शेकडो पेटंट्स आहेत.

शिलाई मशीनची आयडिया

आता फोन बनवणाऱ्याने प्रत्येक पेटंटवाल्याच्या दारात जाऊन परवानगी मागायची म्हटलं, तर फोन कधी बाजारात येणार? अशीच पंचाईत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत झाली होती. आजीच्या खोलीतल्या मशीनवर जे नाव दिसायचं, ती सिंगर कंपनी आणि तिचे प्रतिस्पर्धी एकमेकांना कोर्टात खेचत होते. शेवटी १८५६ मध्ये त्यांनी पेटंट्स एकत्र केली. परवाना एकच, फी वाटून घ्यायची. यालाच म्हणतात पेटंट पूल. थाळीच म्हणा ना! वाट्या अनेक, बिल एक.

व्हिडिओच्या दुनियेत ही थाळी 'एमपीईजी एलए' या अमेरिकन कंपनीने १९९०च्या दशकात वाढली. डीव्हीडीसाठी लागणाऱ्या एमपीईजी-२ची फी सुरुवातीला प्रत्येक प्लेअरमागे ४ डॉलर होती. २००२ पासून ती अडीच डॉलर झाली.

२००३ मध्ये आलेल्या एच.२६४ने तर कमालच केली. वर्षाला पहिली एक लाख उपकरणं फुकट, त्यापुढे नगाला २० सेंट, ५० लाखांनंतर १० सेंट, आणि वर वार्षिक कमाल मर्यादा. २०१० मध्ये आणखी एक गुड न्यूज आली. इंटरनेटवर लोकांना मोफत दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओंवर रॉयल्टी कधीच नाही! २०१३ मध्ये सिस्कोने एच.२६४चं तयार मॉड्यूल फुकट वाटायचं जाहीर केलं आणि त्याची रॉयल्टी स्वतःच्या खिशातून भरली. एच.२६४ घरोघरी पोहोचलं, त्यात या एक खिडकी योजनेचा मोठा वाटा होता.

तीन खिडक्या, एक गोंधळ

पुढचा एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, आला २०१३ मध्ये. साधारण तेवढाच दर्जा, फाइल मात्र जवळजवळ अर्धी. सॉलिड! पण या वेळी पेटंटवाल्यांचं आपसात जमलं नाही. एमपीईजी एलएने २०१४ मध्ये पूल काढला, २०१५ मध्ये 'एचईव्हीसी अॅडव्हान्स' नावाची दुसरी खिडकी उघडली, २०१७ मध्ये 'व्हेलॉस मीडिया' ही तिसरी. शिवाय काही कंपन्या कुठल्याच पुलात नव्हत्या. दुसऱ्या खिडकीने तर व्हिडिओतून होणाऱ्या कमाईतही अर्धा टक्का मागितला! ओरड झाल्यावर दर उतरवले, आणि २०१८ मध्ये स्ट्रीमिंगवरची मागणी सोडून दिली.

तोवर व्हायचं ते झालं होतं. २०१५ मध्येच गूगल, नेटफ्लिक्स, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को आणि मोझिला यांनी वेगळी चूल मांडली. २०१८ मध्ये त्यांचा रॉयल्टी-फ्री एव्ही१ आला. त्याच वर्षी एमपीईजीचे संस्थापक लिओनार्दो किआरिल्योने यांनी जाहीरपणे लिहिलं, की आपलं जुनं मॉडेल मोडलंय. घरच्याच माणसाने दिलेली कबुली!

आता तुम्ही म्हणाल, मग रॉयल्टीच नको. पण थांबा. वर्षानुवर्षं डोकं लावून कुणी युक्ती शोधली, तर त्याला मोबदला नको? तो मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की बिल किती होणार हे आधी कळणार का? कारण व्हिडिओचं स्टँडर्ड ही आता सगळ्यांची भाषा झालीय. दुसरं दुकान बघू म्हणायची सोय नाही. आणि 'फुकट' एव्ही१वरही सिसव्हेल या कंपनीने २०२० मध्ये पूल सुरू केलाच!

सनईचा आवाज आला आणि चित्र आलं नाही, त्याचं मूळ या भांडणात आहे. पेटंटची मुदत साधारण २० वर्षांची, तोवर हिशेब चालूच राहणार. साखरपुडा तुमचा, फोन तुमचा, पण तो ज्या भाषेत साठवलाय, ती अजून भाड्याची आहे.

हे करून बघा

• आयफोन ७ आणि नंतरच्या मॉडेल्सवर २०१७ पासून व्हिडिओ आपोआप एचईव्हीसीमध्ये साठवला जाऊ शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'वर जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. फाइल मोठी होईल, पण कुठेही उघडेल.
• लॅपटॉपवर व्हीएलसी टाका. हा मोफत प्लेअर एचईव्हीसी दाखवतो. ऑफिसचा लॅपटॉप असेल, तर आधी आयटीवाल्यांना विचारा हं!
• लग्नाचं शूटिंग ठरवताना फोटोग्राफरकडून एच.२६४मधली एक कॉपी आठवणीने मागा.