डोकेदुखीसाठी येऊ नका

रंगूनमधला एक तरुण मारवाडी उद्योजक अर्धशिशीने पार बेजार झाला होता. कळा अशा, की मॉर्फिनचे इंजेक्शन घेतल्याशिवाय थांबत नसत. त्याचेच व्यसन लागेल या भीतीने त्याने युरोप, अमेरिका, जपानपर्यंतचे डॉक्टर पालथे घातले. गुण आला नाही. मित्राच्या आग्रहावरून १९५५मध्ये तो सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेला. हे गृहस्थ ब्रह्मदेशाच्या सरकारात महालेखापाल होते आणि विपश्यनेचे आचार्यही. डोकेदुखीसाठी आलोय, असे ऐकल्यावर त्यांनी सरळ नकार दिला. मनाचा मळ काढायचा असेल तर या, दुखणे बरे करायला इथे येऊ नका, असा त्यांचा रोख होता.

तो उद्योजक म्हणजे सत्यनारायण गोयंका. पुढे ते त्यांच्या विपश्यना शिबिराला बसले आणि अर्धशिशीही गेली, पण ती ओघाने. चौदा वर्षे गुरूंजवळ काढून १९६९मध्ये ते भारतात आले आणि पहिले शिबिर मुंबईत घेतले. १९७६पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. गोराईच्या खाडीकाठी एकही खांब नसलेल्या घुमटाखाली आठ हजार माणसे बसतील असा पॅगोडा २००९मध्ये खुला झाला. नवी मुंबईकरांना मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. बेलापूरला, सेक्टर २६मध्ये, पारसिक हिलवर ‘धम्म विपुल’ हे केंद्र आहे.

तिथे जाणारे बरेच जण अजूनही डोकेदुखी घेऊनच जातात. फक्त तिची नावे बदलली आहेत. महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतली नाइट शिफ्ट, हार्बर लाइनची गर्दी, घराचे हप्ते, उडालेली झोप. दहा दिवस शांतपणे लोळता येईल या हिशेबाने कोणी जात असेल, तर त्याचा पहिल्याच पहाटे भ्रमनिरास होतो. घंटा चार वाजता वाजते. साडेचारला बैठक. दिवसभरात मिळून जवळपास दहा तास बसायचे. अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला चहा-फळे, की त्या दिवसाचे खाणे संपले. आधी शिबिर केलेल्या जुन्या साधकांना तर तेव्हा नुसते लिंबूपाणी. मासळीशिवाय ज्यांचा रविवार सरत नाही, त्यांनाही दहा दिवस शाकाहारच. मोबाइल, पुस्तक, वही-पेन जमा. बोलणे बंद, खाणाखुणाही बंद. अडचण असेल तर व्यवस्थापकाशी किंवा आचार्यांशी तेवढे बोलता येते.

पहिले साडेतीन दिवस एकच काम: आनापान. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा. लांबवायचा नाही, रोखायचा नाही, जोडीला नामजपही नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. बसून पाहिले की कळते, चार श्वासांत मन ऑफिसच्या मेलमध्ये किंवा नणंदेच्या बोलण्यात जाऊन बसलेले असते. ते ओरडा न करता परत आणायचे. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत अंगावरची प्रत्येक संवेदना पाहायची. सुखद असली तरी तिला कवटाळायचे नाही, नकोशी असली तरी झिडकारायचे नाही. मग दिवसातून तीनदा तासभर मांडी न मोडण्याचा निश्चय. चाळिसाव्या मिनिटाला गुडघा पेटतो, आता पाय तुटणार असे वाटते, आणि काही न करता तीच कळ सरकते, विरते. माझ्या मते सगळ्या शिबिराचा गाभा या तासात आहे. प्रवचनात ‘अनित्य’ शंभरदा ऐकून जे पोचत नाही, ते गुडघा शिकवतो.

शिबिराला फी नाही. जुन्या साधकांच्या दानावर सगळे चालते, आणि पहिले शिबिर पूर्ण केल्याशिवाय दानही घेत नाहीत. आजच्या ‘वेलनेस’च्या बाजारात ही गोष्ट मला मोठी वाटते.

ध्यान आपल्याकडे ब्रह्मदेशातूनच आले असे मात्र नाही. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खूंच्या दगडी खोल्या आहेत, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनापासून सगळा योगमार्ग ओवीबद्ध आहे, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या.

त्या तपासणीचे आजचे उत्तर काय? २०१४मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा आणि त्यांतल्या साडेतीन हजारांवर लोकांचा आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाच्या पुराव्यानिशी थोडाफार फरक दिसला. झोप किंवा वजनाबाबत ठोस पुरावा सापडला नाही, आणि औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरले असेही नाही. दुसऱ्या एका आढाव्यात, २०२०मध्ये, ध्यान करणाऱ्या सुमारे आठ टक्के लोकांना घबराट, उदासी असे त्रास झाल्याचे आढळले. म्हणजे रक्तदाबाची गोळी बंद करून ध्यानाला बसणे हा शुद्ध वेडेपणा. ‘ध्यानाने सगळे रोग बरे’ असे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. ऊ बा खिन तसे कधी म्हणाले नसते.

दहा दिवस काढणे सगळ्यांना जमत नाही. लहान मुलांची शाळा, आजारी सासूबाई, न मिळणारी रजा. त्यांनी घरीच सकाळी दहा मिनिटे श्वास पाहायला हरकत नाही. आपल्या राज्यातल्या शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून मुलांना हेच आनापान शिकवले जाते, तेव्हा घरात एखादा छोटा शिक्षकही सापडेल. पद्मासनाचा हट्ट नको, खुर्ची चालते.

शिबिराला जाणार असाल, तर एक विनंती. अर्जात शारीरिक आणि मानसिक आजारांची, चालू औषधांची माहिती विचारतात. ती लपवू नका, आणि मनाच्या आजाराचे उपचार सुरू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मन फारच सैरभैर असेल तर शिबिराची तारीख यायची वाट न पाहता टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.