हाय-डेफिनिशन खेळांसाठी पडदा निवडताना : तिरुवल्लिकेणीच्या खोलीतला हिशेब

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात, पार्थसारथी मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये, 'मॅन्शन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारती दाटीने उभ्या आहेत. नाव प्रासादाचे असले तरी प्रत्यक्षात ती नोकरीनिमित्त शहरात आलेल्या अविवाहित पुरुषांची भाड्याची निवासस्थाने होत. खोली लहान, त्यात एक पलंग, एक मेज आणि भिंतीत एखादे कपाट. अशा खोलीत राहणारा तरुण जेव्हा गेमिंग कन्सोल विकत घेतो, तेव्हा खरा पेच कन्सोलचा नसतो, पडद्याचा असतो. कन्सोल कोणत्याही दुकानातून घेतला तरी सारखाच निघतो. पडद्याचे तसे नाही. तेथे चुकीच्या निवडीत अनेक महिन्यांची बचत अडकते आणि ती चूक पुढची पाच-सात वर्षे रोज समोर दिसत राहते.

हा पेच या शहराला नवा नाही. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा हाय-डेफिनिशन कन्सोल भारतात सप्टेंबर २००६ मध्ये दाखल झाला. योगायोग असा की, त्याच महिन्यात तमिळनाडूतील तत्कालीन द्रमुक सरकारने निवडणुकीतील आश्वासनानुसार मोफत रंगीत दूरचित्रवाणी संचांचे वाटप सुरू केले. ते संच १४ इंचांचे आणि जुन्या पद्धतीच्या काचनळीचे होते. एप्रिल २००७ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ भारतात आला, तेव्हाही बहुसंख्य घरांत काचनळीचाच संच होता. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांच्या तारेने हे कन्सोल त्या संचांना जोडता येत असत. परंतु ७२० वा १०८० ओळींसाठी रचलेले चित्र ५७६ ओळींत कोंबले जाई आणि पडद्यावरील सूचना वाचणे अशक्य होई. २००६ सालच्या 'डेड रायझिंग' या खेळातील बारीक अक्षरांबद्दल जगभरातील खेळाडूंनी तक्रारी केल्या होत्या, त्या याच कारणामुळे.

काचनळीच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या संचांत चित्रावर प्रक्रिया जवळजवळ होतच नसे. बटण दाबले की पडद्यावर परिणाम दिसे. सपाट पडदे आले आणि चित्र सुंदर झाले, पण हा तत्काळपणा हरवला. तो परत मिळवण्याची धडपड हाच आजच्या निवडीचा गाभा आहे.

अंतर आधी, आकार नंतर

दुकानात शिरलेला ग्राहक प्रथम इंच विचारतो. खरे तर त्याने घरून अंतर मोजून आणायला हवे. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनापर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. त्यावरून कोणत्या पडद्याचे ठिपके किती अंतरावरून दिसेनासे होतात, हे साध्या गणिताने काढता येते.

४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर असते. तो फुल एचडी असेल, तर त्या रुंदीत १९२० ठिपके बसतात आणि सुमारे १.७ मीटरपलीकडे ते सुटे दिसत नाहीत. तोच पडदा ४के असेल, तर ठिपके ३८४० होतात आणि ही मर्यादा ८५ सेंटीमीटरवर येते. याचा अर्थ असा की, पलंगावर भिंतीला टेकून सहा फुटांवरून, म्हणजे सुमारे १.८ मीटरवरून, ४३ इंची संच पाहणाऱ्याला ४के आणि फुल एचडी यांतील तपशिलाचा फरक जेमतेम जाणवेल. ५५ इंची ४के संचाचा पुरेपूर लाभ घ्यायचा, तर सुमारे एक मीटरवर बसावे लागेल आणि तेवढ्या जवळून पडद्याच्या चारही कोपऱ्यांवर लक्ष ठेवताना मान अवघडेल.

असे असूनही ४३ इंच आणि त्याहून मोठ्या आकारांत आज बहुतेक चांगले संच ४केच असतात. त्यामुळे ४के घ्यावा की नाही, हा प्रश्न मोठ्या संचांपुरता बव्हंशी निकाली निघाला आहे. प्रश्न उरतो तो लहान संचांचा. ३२ इंची आकारात 'एचडी रेडी' म्हणून विकले जाणारे संच बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे असतात. ही संख्या ७२० ओळींच्या चित्राशीही जुळत नाही आणि १०८० ओळींच्या चित्राशीही नाही. त्यामुळे कन्सोलचे प्रत्येक चित्र ताणून वा दाबून बसवावे लागते आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. खेळासाठी हा पर्याय टाळणेच श्रेयस्कर.

करांचाही येथे संबंध येतो. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्ही आणि मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी होता. त्याहून मोठ्या पडद्यांवर मात्र २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे पडदेही १८ टक्क्यांत आले. केवळ करापोटी ३२ इंचांवर थांबण्याचे कारण त्यामुळे संपले आहे.

विलंबाचे गणित

क्रिकेटसाठी उत्तम ठरलेला टीव्ही खेळासाठी उत्तम असेलच असे नाही. तिरुवल्लिकेणीला लागूनच चेपॉकचे मैदान असल्याने या परिसरात ही तुलना सहज सुचावी. प्रक्षेपण पाहताना संच चित्र थोडे रोखून धरतो, दोन चौकटींच्या मधली चौकट स्वतः तयार करतो, गोंगाट पुसतो, रंग खुलवतो. चेंडू पडद्यावर दशांश सेकंद उशिरा दिसला म्हणून प्रेक्षकाचे काही बिघडत नाही. पण खेळाडूचा अंगठा बटणावर असतो. सेकंदाला ६० चौकटींच्या खेळात एक चौकट १६.७ मिलिसेकंद टिकते. संचाने १०० मिलिसेकंद उशीर केला, तर खेळाडू सहा चौकटी मागे पडला.

यावर उपाय म्हणजे 'गेम मोड'. तो चालू केला की संच बरीचशी प्रक्रिया बंद करतो आणि चांगल्या संचांत विलंब २० मिलिसेकंदांच्या खाली येतो. अनेक खरेदीदार हा पर्याय कधीच उघडत नाहीत आणि पैसे वाया गेल्याची खंत करत बसतात. नव्या संचांत कन्सोल जोडताच ही स्थिती आपोआप लागू करणारी सोय असते. ती आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे. चित्र गुळगुळीत करणारी सोय खेळताना बंदच असावी. नवी चौकट तयार करण्यासाठी पुढची चौकट येईपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे हा विलंब तत्त्वतःच टळत नाही.

दुकानातील पडद्यांवर नेहमी संथ दृश्ये चालू असतात : फुले, समुद्रकिनारे, रंगीत पक्षी. त्यांतून खेळाबद्दल काहीही कळत नाही.

एका आकड्यामागची संदिग्धता

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. एक्सबॉक्स सीरीज एक्स आणि सीरीज एस त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये. या पिढीचे कन्सोल काही खेळ सेकंदाला १२० चौकटींनी दाखवू शकतात. ४के चित्र, दहा बिटांचे रंग आणि १२० चौकटी यांचा गुणाकार केला, तर सेकंदाला सुमारे ३० गिगाबिट माहिती होते. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट, तर २.१ ची कमाल क्षमता ४८ गिगाबिट आहे. म्हणून जाहिरातींत 'एचडीएमआय २.१' हा आकडा ठळकपणे छापला जातो.

अडचण अशी की, हा आकडा पुरेशी हमी देत नाही. या प्रमाणकातील बहुतेक वैशिष्ट्ये उत्पादकासाठी ऐच्छिक आहेत. संच ६० हर्ट्झचा असून आणि १२० चौकटी स्वीकारत नसूनही त्यावर २.१ लिहिता येते. शिवाय चार छिद्रांपैकी एक वा दोनच पूर्ण क्षमतेची असू शकतात. 'मोशन रेट' यांसारख्या नावाखाली दिलेले १२० वा २४० हे आकडे तर पडद्याची खरी गती नसून जाहिरातदाराची भाषा होय. ग्राहकाने 'पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती?' एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी तपशिलात पाहावे.

चौकटींच्या गतीनुसार पडद्याची गती बदलण्याची सोय, म्हणजे व्हीआरआर, प्लेस्टेशन ५ वर एप्रिल २०२२ मध्ये उपलब्ध झाली. ती ४८ ते १२० हर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि त्यासाठी एचडीएमआय २.१ चीच व्हीआरआर लागते. एक्सबॉक्स मात्र मॉनिटरवर सर्रास आढळणारे फ्रीसिंकही स्वीकारतो. एकच मॉनिटर एका मित्राकडे उत्तम चालतो आणि दुसऱ्याकडे नाही, याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

मेजावरचा मॉनिटर

लहान खोलीसाठी टीव्हीऐवजी २७ इंची, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा मॉनिटर हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे आणि मॅन्शनमधील रहिवाशासाठी कदाचित सर्वांत समंजसही. सीरीज एस हा कन्सोल मुळातच १४४० ओळी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे. प्लेस्टेशन ५ ला हे रेझोल्यूशन सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाले. अनेक खेळ जलद गतीच्या स्थितीत चित्र ४के पेक्षा कमी ठिपक्यांत रेखाटून मग मोठे करतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मेजापासून ८० सेंटीमीटरवर बसणाऱ्याला असा मॉनिटर पूर्ण तपशील दाखवतो, त्यात विलंब कमी असतो आणि खोली बदलताना तो खोक्यात घालून बसने नेता येतो.

त्याच्या उणिवाही आहेत. पुष्कळ मॉनिटरना ध्वनिक्षेपक नसतात. प्लेस्टेशनचा आवाज कंट्रोलरला हेडफोन जोडून ऐकता येतो, आणि शेजारची भिंत पातळ असेल तर तोच मार्ग बरा. स्वस्त मॉनिटरवरील 'एचडीआर' हे लेबल बहुधा नावापुरते असते, कारण तीव्र प्रकाश आणि गडद छाया एकाच वेळी दाखवण्याइतकी पडद्याची क्षमता नसते.

चित्राच्या सौंदर्यात ओएलईडी पडद्यांना तोड नाही. काळा रंग खरोखर काळा आणि हालचालीत पुसटपणा जवळजवळ नाही. मात्र पडद्याच्या कोपऱ्यात तासन्तास स्थिर राहणारे गुणफलक आणि नकाशे कालांतराने कायमचा ठसा उमटवू शकतात. एकच खेळ महिनोन्महिने खेळणाऱ्याने वॉरंटीपत्रात याविषयी काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. एलसीडी पडद्यांत व्हीए प्रकार अंधाऱ्या खोलीत अधिक खोल काळा रंग दाखवतो, तर आयपीएस बाजूने पाहिला तरी रंग टिकवतो. एकट्याने खेळणाऱ्याला पहिला, पलंगावर चौघे दाटीवाटीने बसणार असतील तर दुसरा.

रिची स्ट्रीटवर

तिरुवल्लिकेणीहून अण्णा सालै ओलांडली की चिंताद्रिपेटच्या बाजूला रिची स्ट्रीट आणि नरसिंगपुरम स्ट्रीट लागतात. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, पुणेकरांना तपकीर गल्ली, तसे हे चेन्नईचे इलेक्ट्रॉनिक्सचे माहेरघर. सुटे भाग, तारा, दुरुस्ती, नवे-जुने पडदे अशी येथील उलाढाल. येथे भाव करता येतो. त्याबरोबर पारखही करावी लागते.

भारतात विकल्या जाणाऱ्या टीव्ही आणि मॉनिटरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे. तो नसेल, तर संच आडमार्गाने आलेला असण्याची शक्यता असते आणि मग वॉरंटीचा आधार राहत नाही. जुना पडदा घेताना पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे एकरंगी चित्र लावून मेलेले ठिपके आणि जुने ठसे तपासावेत.

सर्वांत खात्रीची कसोटी म्हणजे कन्सोल सोबत नेणे. सीरीज एसचे वजन दोन किलोंहून कमी आहे. एक्सबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये '४के टीव्ही डिटेल्स' हे पान उघडले की जोडलेला पडदा काय स्वीकारतो आणि काय नाही, याची यादी खुणांसह दिसते. प्लेस्टेशन ५ मध्ये अशीच माहिती 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' येथे मिळते. प्रत्येक छिद्रात तार घालून हे पान पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा ते अधिक सांगून जाते.

तारेवर फार खर्च करण्याची गरज नाही. सोन्याच्या मुलाम्याने अंकीय चित्र उजळत नाही. प्लेस्टेशन ५ आणि सीरीज एक्स यांच्या खोक्यात योग्य क्षमतेची तार येतेच. वेगळी घ्यायची झाल्यास 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणपत्राचे लेबल पुरेसे आहे.

त्यातून वाचलेले पैसे यूपीएसवर खर्च करावेत. खेळ साठवला जात असताना वा प्रणाली अद्ययावत होत असताना वीज गेली, तर नुकसान होऊ शकते. ४के खेळात प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॅट घेतो. मोठ्या टीव्हीचे १०० वॅट धरले तर बेरीज ३०० होते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस हा भार काही मिनिटेच पेलू शकतो, परंतु व्यवस्थित बंद करण्यास तेवढा अवधी पुरतो. मरीना किनारा जवळ असल्याने हवा खारी आणि दमट असते. कन्सोल आणि संच यांच्या मागे हवा खेळेल इतकी जागा सोडावी आणि मोकळ्या खिडकीसमोर ते ठेवू नयेत. तळमजल्यावरील खोलीत, डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मधील पुराचा अनुभव असलेल्या या शहरात, यूपीएस आणि विस्तारफळी जमिनीवर न ठेवता मेजाच्या उंचीवर असणे उत्तम.