न जुळवता येणारे रीडिंग

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक जुनी विद्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जात असते. ब्युरेटचे पहिले रीडिंग चुकले तरी बिघडत नाही. उत्तर काय यायला हवे ते माहीत असले की दुसरे आणि तिसरे रीडिंग जुळवता येते. जर्नलमध्ये १०.२, १०.२, १०.२ असे तीन सारखे आकडे मांडले की सही मिळते. बी.एस्सी. झालेल्या कोणालाही खासगीत विचारावे, तो हसून हो म्हणेल.

प्रकल्पाच्या सत्रात ही विद्या कामाला येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांक दिले. त्याआधीही शेवटच्या वर्षाला छोटे प्रकल्प असत. विषयांची यादी ठरलेली: लिंबू-आवळ्यातले क जीवनसत्त्व, दुधातली भेसळ, अँटासिडच्या गोळीची ताकद आणि गावातल्या पाण्याची तपासणी. पहिल्या तिन्हींची उत्तरे साधारण कुठे यायला हवीत ते पुस्तकात सापडते. गावातल्या हातपंपाच्या पाण्याचे उत्तर कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेले नसते. किनवटसारख्या तालुक्यात तर त्या उत्तराची वाट घरची माणसेही पाहत असतात.

किनवट हे नांदेड जिल्ह्याच्या टोकाचे, पैनगंगेकाठचे, सागवानी जंगलाचे गाव. तेलंगणाची सीमा जवळ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. बाजाराच्या दिवशी इथे मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोली सहज कानावर पडतात. ही सरमिसळ जमिनीच्या पोटातही आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर वसला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला हे थर पातळ होत जातात आणि त्यांच्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट आणि नाईस खडक वर येतो. देगलूर-बिलोलीकडे तो दिसतो, किनवटकडेही दिसतो. या खडकातल्या अभ्रक, अपेटाइट, फ्लोराइट अशा खनिजांमध्ये फ्लोराईड असते आणि ते सावकाश भूजलात उतरते. तालुक्यातल्या काही गावांच्या पाण्यात ते मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या नोंदी आहेत. नांदेडसह अनेक जिल्ह्यांतला हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठापुढेही गेला होता.

पाण्याच्या प्रकल्पाची सुरुवात बहुधा दुष्फेनतेपासून होते, कारण ती चाचणी स्वस्त आणि देखणी आहे. पाण्यात अमोनियाचे बफर द्रावण आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचे थोडे थेंब घातले की ते लालसर होते. वरून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून संपले की लाल रंग जाऊन निळा उमटतो. ज्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो आणि भांड्याला पांढरा थर बसतो, त्या पाण्याला ईडीटीए जास्त लागते. घरच्यांचा अनुभव आणि ब्युरेटचा आकडा एकच सांगतात. रसायनशास्त्र खरे असते, याचा असा पुरावा विद्यार्थ्याला फार आवडतो.

फ्लोराईडच्या चाचणीत हे समाधान टिकत नाही. जे पाणी गोड लागते, ज्यात डाळ पटकन शिजते, ज्याला साबणाचा फेस छान येतो, त्याच बोअरच्या पाण्यात कधी कधी फ्लोराईड जास्त निघते. कारण समजले की हे नवल ओसरते. कॅल्शियम आणि फ्लोराईड एकत्र आले की कॅल्शियम फ्लोराईड तयार होते आणि ते पाण्यात फारच थोडे विरघळते. म्हणजे पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराईडला वाढायला वाव राहत नाही. ग्रॅनाइटच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात मात्र सोडियम आणि बायकार्बोनेट वाढते, कॅल्शियम कमी होते आणि फ्लोराईडला मोकळे रान मिळते. बोअर जितकी खोल, तितके पाणी खडकाशी जास्त काळ टेकलेले असण्याची शक्यता. ‘जड पाणी वाईट, हलके पाणी चांगले’ हा घरोघरचा नियम इथे फसतो. फ्लोराईडला चव नाही, वास नाही, रंगही नाही.

चाचणीची रीतही उलटी आहे. झिर्कोनियम आणि स्पॅडन्स नावाच्या रंगद्रव्याचे लाल द्रावण पाण्याच्या नमुन्यात मिसळतात. फ्लोराईड झिर्कोनियमला ओढून घेते आणि रंग फिका पडतो. रंग जितका फिका, तितके फ्लोराईड जास्त. गडद रंग म्हणजे जास्त प्रमाण, या सवयीने आलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी आलेख उलटा धरतो. मग बारीक गोष्टी लक्षात येऊ लागतात. नमुना काचेच्या बाटलीत ठेवलेला चालत नाही, प्लास्टिकची बाटली लागते. पाण्यात क्लोरीन उरले असेल तर ते आधी घालवावे लागते. घरी तुरटी फिरवलेले पाणी आणले असेल तर तुरटीतले ॲल्युमिनियम फ्लोराईडला धरून ठेवते आणि आकडा खोटाच कमी येतो. नमुना देणाऱ्या बाईला ‘मावशी, पाण्यात तुरटी फिरवली होती का?’ हे विचारणे हासुद्धा प्रयोगाचाच भाग आहे, आणि तो कुठल्याही जर्नलमध्ये छापलेला नाही.

समजा, एका हातपंपाच्या पाण्याची तीन रीडिंग आली: लिटरला १.३, १.५ आणि १.६ मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे. आता काय लिहायचे? मर्यादेच्या आत की बाहेर? जुळवायला उत्तर नाही. आकडा खाली ओढला तर ते पाणी पिणाऱ्या घरांशी खोटे बोलल्यासारखे होते, वर ढकलला तर गावातला एकमेव चालू पंप विनाकारण बदनाम होतो. मग पुन्हा नमुना आणावा लागतो, प्रमाण द्रावणे नव्याने करावी लागतात आणि शेवटी सरासरीबरोबर चुकीची शक्यताही लिहावी लागते. अनेक विद्यार्थी ‘अधिक-उणे’ हे चिन्ह मनापासून पहिल्यांदा लिहितात ते इथे.

आकड्यावर विश्वास न बसणे ही केवळ नवशिक्यांची गोष्ट नाही. दातांवरच्या तपकिरी डागांचे कोडे अमेरिकेत फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ पासून धरले होते. पाण्यातच काहीतरी आहे असा त्याचा संशय होता. काय ते मात्र सापडत नव्हते. १९३१ मध्ये ॲल्युमिनियम कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल याने आर्कान्सातल्या बॉक्साइट गावाचे पाणी वर्णपटाने तपासले, तेव्हा फ्लोराईड दिसले. त्याला ते पटले नाही. नमुन्यात बाहेरून काही मिसळले असणार असे म्हणून त्याने दुसरा मागवला. त्यातही तेच निघाले. सहा वर्षांनी, १९३७ मध्ये, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात शॉर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाडांच्या फ्लोरोसिसचे वर्णन केले. ताठ झालेले कणे आणि आखडलेले सांधे भारताच्या वैद्यकीय नोंदींत आले ते असे.

दातांचे डाग बालपणात ठरतात. हिरडीच्या आत कायमच्या दातांचे एनॅमल तयार होत असते, साधारण आठव्या वर्षापर्यंत, तेव्हा पोटात गेलेले जादा फ्लोराईड त्यावर खडूसारखे पांढरे पट्टे उमटवते आणि ते पुढे तपकिरी पडतात. ते घासून जात नाहीत. ‘दात घासत नाहीस’ म्हणून अशा मुलांना शाळेत बोलणी बसतात, ती अन्यायाची आहेत. हाडांचा आजार वर्षानुवर्षांच्या जास्त मात्रेने येतो. यात उन्हाचा वाटाही आहे. मानके लिटरमागे असतात, माणूस मात्र तहानेनुसार पाणी पितो. १.५ मिलिग्रॅमच्या पाण्याचे दोन लिटर म्हणजे ३ मिलिग्रॅम. मे महिन्यात शेतावर पाच लिटर प्यायले तर ७.५. वरण, भाकरीचे पीठ आणि चहा यांतले पाणी वेगळेच. चहाच्या पानातही मुळात फ्लोराईड असते.

‘उकळून पिऊ का?’ हा घरचा पहिला प्रश्न. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. पाणी आटले तर ते उलट दाट होते. गाळणी, कँडल, क्लोरीन यांचाही उपयोग नाही. गार पाण्याचा जार आणला तरी पाणी गार आहे एवढेच सिद्ध होते. नागपूरच्या ‘नीरी’ने सत्तरच्या दशकात शोधलेली ‘नालगोंडा’ पद्धत चुना आणि तुरटी योग्य प्रमाणात मिसळून फ्लोराईड गाळात बसवते. पण तुरटीचे प्रमाण पाण्यातल्या फ्लोराईडवर आणि अल्कतेवर ठरते, अंदाजाने नाही. आरओने फ्लोराईड निघते, मात्र ते बाहेर टाकलेल्या पाण्यात जमा होते. पावसाचे साठवलेले पाणी किंवा नदीवरून आलेली नळयोजना, जिथे शक्य असेल तिथे, हाच साधा उपाय. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळा जिल्हा आणि उपविभाग पातळीवर आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी संच वापरायला शिकवले जाते. विद्यार्थ्याचा आकडा या तपासणीची जागा घेत नाही. कोणत्या पंपाची तपासणी आधी व्हावी एवढे तो सांगू शकतो, आणि तेही थोडे नाही.

ताटाकडे पाहिले तर आणखी एक प्रकल्प हाती लागतो. जेवणात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व कमी असेल तर फ्लोराईडचा त्रास वाढतो. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या तिलईपाणी गावात मुलांचे पाय गुडघ्यातून वाकत होते. जबलपूरच्या आयसीएमआर संस्थेने तिथे सुरक्षित पाण्याला सकस आहाराची जोड दिली. त्या आहारात एक रानभाजी होती, तरोटा. कोकणात तिला टाकळा म्हणतात. पहिल्या पावसानंतर किनवटच्या बांधावरही ती फुकट उगवते आणि अनेक घरांत ‘गरिबाची भाजी’ म्हणून मागे पडते. तिची पाने वाळवून, जाळून, राख आम्लात विरघळवून त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकत्रित मोजता येते. दर्शक तोच, ईडीटीए तेच, लालाचा निळा होणारा रंगही तोच.

एका सत्रात एवढेच होते. चार महिन्यांत फार तर एका ऋतूचे नमुने हाती येतात आणि भूजलातले फ्लोराईड ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यावरचे रीडिंग आणि पाऊस मुरल्यानंतरचे रीडिंग एकाच पंपाचे असले तरी वेगळे येऊ शकते. त्यामुळे काळजीपूर्वक केलेल्या अहवालात पंपाची नेमकी जागा, बोअरची खोली, नमुन्याची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव असते. शेवटच्या तक्त्यात ‘पावसाळ्यानंतर’ असे शीर्षक असलेला एक रकाना रिकामा सोडलेला असतो, पुढच्या बॅचने त्याच पंपावर जाऊन भरावा म्हणून.