बांधावरची समाधी

ऑगस्ट 2020. करोनामुळे जमावबंदी होती, तरी लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरला हजारोंची गर्दी लोटली. लिंगायतांचे गुरू डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज संजीवन समाधी घेणार, अशी अफवा उठली होती. तसं काही झालं नाही. 1 सप्टेंबरला नांदेडच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं, वयाच्या 104व्या वर्षी. अहमदपूरच्या भक्तिस्थळावरच्या त्यांच्या समाधीला आज माणसं रांगेनं माथा टेकतात.

महाराजांना बसवून समाधी दिली गेली. लातूर-नांदेडकडच्या लिंगायत घरातली एखादी म्हातारी वारली तर तिलाही तशीच बसवून समाधी देतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केलेली बाई आणि लाखो भक्तांचा गुरू, दोघांची बैठक एकच. हा लेख त्या म्हातारीबद्दल आहे.

विधी गावागणिक थोडा बदलतो, गाभा मात्र ठरलेला. जीव गेला की अंग ताठायच्या आत मांडी घालून भिंतीशी टेकवायचं, कपाळावर, दंडावर विभूती लावायची. नवरा मागे असेल तर हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, मळवट. मग बांबू नि केळीच्या खुंटांचं, फुलांनी मढवलेलं विमान. जिला घरात कधी बाजेवर पाय सोडून बसता आलं नाही, ती त्या दिवशी गावाच्या खांद्यावरून, बसून, टाळ-मृदंगाच्या गजरात जाते. पुढे जंगम, म्हणजे लिंगायतांचा पुरोहित, आणि शंख. खड्ड्यात उतरवल्यावर डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. लहानपणी गळ्यात बांधलेलं, जन्मभर पुजलेलं. मग बेल, विभूती, मीठ आणि मूठमूठ माती.

या बैठकीमागे विचार आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, शरणांनी, म्हणजे त्यांच्या अनुयायांनी, बाईच्या हाती पुरुषाइतकंच इष्टलिंग दिलं. जन्म, मृत्यू, रज, उष्टं आणि जात ही पाचही सुतकं लिंगधाऱ्याला नाहीत, असं ठरवलं. मासिक पाळीचा विटाळ आठशे वर्षांपूर्वी तत्त्वानं मोडीत काढणं ही लहान गोष्ट नव्हे. ‘कावळा शिवला’ म्हणून बाईला बाजूला बसवणारी लिंगायत घरं नंतरही राहिली, हा भाग निराळा. निलंगा, उदगीर, देगलूरकडून कल्याण काही फार लांब नाही. विचाराला मात्र वाटेत बराच वेळ लागला.

आता समाधी कुठे, ते पाहू. काही गावांत लिंगायतांची वेगळी दफनभूमी असते. ती नसते, किंवा तिच्यावर अतिक्रमण झालेलं असतं, तिथे जमीन असलेलं घर आपल्या माणसाला आपल्याच शेतात माती देतं. सासऱ्याशेजारी सासू, बांधालगत, लिंबाखाली. वर दगड, फार तर सिमेंटचा ओटा नि पिंड. पुरुषाच्या ओट्यावर कधीमधी नाव असतं. बाईच्या ओट्यावर असलंच तर ‘मातोश्री’ आणि खाली मुलांची नावं.

त्याच शेताचा सातबारा काढून पाहावा. जिची हाडं त्या गटात आहेत, तिचं नाव भोगवटादाराच्या रकान्यात बहुधा सापडत नाही. नवऱ्यामागे वारस म्हणून लागलंच, तर पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात. विहिरीचा हिस्सा आणि सोसायटीचा बोजाही तिथेच. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1989-90च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करा. शंभर कारभाऱ्यांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. गावं झालीही, पण मराठवाड्याचा सातबारा काही तेवढ्यानं पालटला नाही.

ही बसून जाण्याची मुभाही एका पहाटे हिरावली गेली. किल्लारीचा भूकंप: 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठसांगवी. दगडमातीच्या दोन-तीन फुटी भिंती, वर लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट मातीचं माळवद. ते उन्हाळ्यात गार, चोराचिलटांपासून निर्धास्त, आणि भूकंपात काळ. पुरुष अंगणात, ओसरीवर निजायचे. बाया लेकरांना घेऊन आत. सरकारी आकडा 7,928 मृतांचा, इतर अंदाज दहा हजारांच्या घरात जातात. त्यांत बाया-लेकरं जास्त. वरून पाऊस. सरपण नव्हतं, तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया-दारं रचून सामूहिक चिता पेटवल्या. कोणाचा विधी कोणता, हे बघायची सवड कोणाला होती?

52 गावं नव्या जागी वसली. घर किती मोठं, ते जमिनीवर ठरलं: भूमिहीन ते एक हेक्टरपर्यंत 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून जास्त असेल तर 750. म्हणजे बाईचं स्वयंपाकघर केवढं, हे पुन्हा सातबाऱ्यानंच सांगितलं. मात्र जागेवरच राहिलेल्या गावांतल्या घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात एक वेगळी गोष्ट घडली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंतीत आरपार दगड कुठे घालायचा, लिंटल पातळीला पट्टा कसा बांधायचा, हे त्या गवंड्याशी वाद घालून बघू लागल्या. उंबऱ्याबाहेर न बोलणाऱ्या बायका इंजिनिअरला जाब विचारू लागल्या, ही मला पुनर्वसनातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

बांधावर समाधी असलेल्या एखाद्या बाईचं चरित्र लिहायचं तर कागद थोडे: ग्रामपंचायतीची मृत्युनोंद, रेशनकार्ड, बचत गटाचं पासबुक. बाकीचं माणसांच्या तोंडून मिळतं. ‘परमरहस्य’ ग्रंथाच्या पारायणाला तिचा आवाज लागायचा का, कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या कपिलधारला ती पायी किती वेळा गेली, बाळंतपणं किती नि जगली किती, हे शेजारणीला ठाऊक असतं. ती शेजारीणही आता सत्तरीपुढे असते.

1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, असा राज्याचा नियम आहे. बांधावरच्या ओट्यांना कोणताच नियम नाही. भाऊ वेगळे झाले, शेत विकलं, की नवा मालक ट्रॅक्टर ओट्याला वळसा घालून नेतो किंवा नेत नाही. खरेदीखतात विहीर, झाडं, वहिवाटीची वाट सगळं लिहितात. समाधीचं तोंडी ठरतं.