सहा दिवस की अब्जावधी वर्षे?



आमच्या वसतिगृहातील नववीच्या एका आदिवासी मुलीने मला विचारले, "फादर, विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे. बायबलमध्ये सारं सहा दिवसांत झालं. मग खोटं काय?"

मी तिला उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय वाचायला दिले. तिलाच फरक सापडला. पहिल्या अध्यायात झाडे आधी, माणूस शेवटी. दुसऱ्यात माणूस आधी, बाग नंतर. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य मात्र चौथ्या! म्हणजे हे निर्मितीचे वेळापत्रक नव्हे.

पोप पायस बारावे यांनी 1943 साली शिकवले, की पवित्र शास्त्र वाचताना लेखकाच्या काळातील लेखनप्रकार ओळखावेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सांगितले, की बायबल आपल्या तारणासाठी आवश्यक ते सत्य निश्चितपणे शिकवते. विश्व प्रसरण पावते हे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथोलिक धर्मगुरू होते.

मग उत्पत्ती काय शिकवते? त्या काळी शेजारची राष्ट्रे सूर्यचंद्राला देव मानत आणि राजाला देवाची प्रतिमा. उत्पत्तीत सूर्यचंद्र नुसते दिवे आहेत आणि देवाची प्रतिमा आहे प्रत्येक स्त्री-पुरुष.

"मग बाजारात आम्हाला 'जंगली' म्हणतात ते?" तिने विचारले.

"ते खोटं," मी म्हणालो.

ती आता विज्ञान शाखेला जाऊ इच्छिते. तिच्यासाठी प्रार्थना करा.

ख्रिस्तामध्ये आपला,
वसतिगृहाचा फादर