लोकलच्या वाटेवरच्या संशोधनशाळा

"सर, पीएच.डी. म्हणजे आणखी किती पुस्तके पाठ करायची?" असे एका मुलीने मला प्रयोगशाळेत विचारले होते. उत्तर सोपे आहे. एकही नाही! जे कोणत्याच पुस्तकात नाही ते शोधून काढायचे आणि पुराव्याने पटवून द्यायचे, याचे नाव पीएच.डी. मग त्यासाठी परदेशीच जायला हवे का? मुळीच नाही. चामटोलीहून बदलापूर स्थानकावर या आणि मुंबईची लोकल पकडा.

कांजूरमार्गला उतरलात, की जवळच पवईला १९५८ साली सुरू झालेली आयआयटी आहे. तुम्ही शाळेत घट, दिवा आणि कळ जोडून विद्युत परिपथ तयार करता ना? येथे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर लाखो ट्रान्झिस्टरांचे परिपथ कसे रचावेत, यावर संशोधन होते. २०१९ मध्ये जाहीर झालेला 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर येथेच रचला गेला.

तीच लोकल मुंबईच्या शेवटच्या स्थानकापर्यंत जाते. तेथून बसने कुलाब्याला गेले, की होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये येथे रेण्वीय जीवशास्त्राचे काम सुरू केले. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी फळमाशी त्यांनी अभ्यासाला घेतली. काही माश्या तापमान वाढताच लुळ्या पडत आणि थंडाव्यात पुन्हा चालू लागत! चेतांमधून जाणारे विद्युत संदेश उष्णतेने अडत होते. गोव्याचे मूळ असलेल्या कुटुंबात नैरोबीला जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सिद्दिकींच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. माशीला वास आणि चव कशी कळते, हा त्यांचा प्रश्न होता.

याच संस्थेत क्युबिटही घडवले जातात. साध्या संगणकाचा बिट ० तरी असतो नाहीतर १. क्युबिट मात्र या दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. उष्णतेच्या हालचालीने ही नाजूक अवस्था मोडते, म्हणून असे अतिसंवाहक परिपथ उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागतात. येथे रचलेल्या सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाली. पुण्याची संरक्षण प्रयोगशाळा आणि टीसीएस ही कंपनी त्यात सहभागी होती.

आता गंमत पाहा. माशीची चेता, सिलिकॉनचा तुकडा आणि क्युबिट या तिन्ही ठिकाणी क्षीण विद्युत संदेश गोंगाटातून वेगळा करावा लागतो. तुमच्या वर्गातला परिपथाचा धडा तिन्हीकडे उपयोगी पडतो!

बारावीनंतर बी.एस्सी., एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी, मग गेट, जेस्ट, नेट यांसारखी परीक्षा आणि मुलाखत, असा हा मार्ग आहे. घरची मंडळी विचारतील, "कमावणार कधी?" त्यांना सांगा, की २०२३ पासून केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. मात्र पाच-सहा वर्षे चिकाटी लागते आणि अनेक प्रयोग फसतात, हेही लपवू नका.

तयारी मात्र आजच सुरू करता येईल. वहीचे शेवटचे पान कोरे ठेवा आणि ज्याचे उत्तर शिक्षकांनाही देता आले नाही, असा प्रत्येक प्रश्न त्यावर लिहा. त्यातलाच एखादा प्रश्न उद्या तुम्हाला त्या लोकलमध्ये बसवील.